तू वहीत लिहिलेला नकार

प्रिय मंजुळा,

सवयीने 'चि.' लिहायला हात गेला होता, तो आवरला. तू जाऊन दोन वर्षं झाली.

लिहायचं कारण असं. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून परवा शाळेतल्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढत होते. त्यात तुझी वही निघाली.

आठवतं? ज्यांच्या मागून दुसरं क्रियापद 'टु' घेऊन येतं, अशी इंग्रजी क्रियापदं मी फळ्यावर लिहून दिली होती. वाँट, होप, प्रॉमिस, रिफ्यूज. प्रत्येकीने मनची वाक्यं करायची. बाकीच्यांनी आंबे खाल्ले, देवळात गेल्या. तू लिहिलंस, 'आय होप टु पास मॅट्रिक.' आणि त्याखाली, 'आय रिफ्यूज टु मॅरी धिस इयर.' यंदा मी लग्नाला नकार देते!

त्यापुढे माझ्या लाल शाईची खूण आहे. बरोबर. शेजारी शेराही आहे, 'अक्षर सुधार.'

पंचवीस वर्षांपूर्वी मी पदवी घेतली. त्या पदवीधर बाईला एका वाक्याचा अर्थ कळू नये?

दोन महिन्यांनी तुझं लग्न झालं. मी जेवायला आले होते, तुला शब्दकोश भेट दिला होता. तू वाकून नमस्कार केलास आणि मान वर केली नाहीस. मला वाटलं, नवरी लाजते आहे. वर्षाच्या आत बाळंतपणात गेलीस.

मंजुळा, मला येऊन सरळ मराठीत का सांगितलं नाहीस? उशीर झाला म्हणून मी तुला वर्गाबाहेर उभं करत होते, म्हणून? सांगितलं असतंस तरी मी 'आधी अभ्यास कर' एवढंच म्हटलं असतं. ते तू ओळखलं होतंस.

आता तुझी धाकटी बहीण तारा माझ्या वर्गात आहे. गेल्या आठवड्यात तिला घरच्यांनी पलूसला नेलं, परत पाठवलं नाही. काल मी वही घेऊन रेल्वेने निघाले, भिलवडी स्टेशनवर उतरले आणि बैलगाडीने तुमच्या घरी गेले.

तुझे तात्या ओसरीवर होते. "आवं बाई, कशाला तरास घेतला? ताराचं ठरलंय. माघात बार उडवून देतो."

"तिला विचारलंत?"

"बापानं पोरीला काय इचारायचं?" ते हसले. "पल्टणीत कुनी इचारत न्हाई. हुकूम निघतो."

मी वही पुढे केली. पलटणीत शिकलेलं इंग्रजी त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ह्ये कवा लिवलं तिनं?"

"लग्नाआधी दोन महिने."

"मला का न्हाई बोलली?"

"तुमच्यापुढे बोलायची छाती झाली नसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन तुमी वाचलं व्हतं न्हवं? मग तुमी का न्हाई बोलला?"

  "चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले.

तेवढ्यात दाराआडून तुझी आई बाहेर आली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "सोयऱ्यास्नी सांगा, पोरगी परीक्षा देनार हाय. एक गेली माझी. ही न्हाई द्यायची."

तात्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मॅट्रिक हुंदे. मग बघू."

निघण्याआधी ताराला मी सर्वांसमोर विचारलं, मराठीत. ती म्हणाली, "बाई, मला तुमच्यासंगं यायचंय." आज ती सांगलीत माझ्या घरी आहे.

पण तुझ्या चुलत्यांचा निरोप आला आहे. सोयऱ्यांना घेऊन ते उद्या येतात, पोरीला समजवायला. येऊ देत!

तुझी माफी मागून आता काय उपयोग? शब्द देते तो घे. तारा परीक्षेला बसेल, केंद्रावर मी स्वतः नेईन. आणि उद्या बैठकीत तिचं उत्तर तीच देईल. ती बोलत असताना मधे कुणालाही बोलू देणार नाही. मीसुद्धा बोलणार नाही.

तुझ्या
इंग्रजीच्या बाई