घसारा वजा जाता

मी, मनोरमा नारायण वैरागडे, वय एकोणसत्तर, राहणार मिसरोद, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझा मुलगा निनाद, सध्या राहणार टोरांटो, यास मिळाव्यात. त्याने फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही. तो दर रविवारी फोन करतो आणि जेवलीस का, विचारतो. मी हो म्हणते. मग तो फोन ठेवतो.

कलम २. माझ्या यजमानांची पान्यांची पेटी माझे दीर विजय यांना द्यावी. यजमान मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनीयर होते. ते गेल्यावर महिना उलटायच्या आत दीर घरची गाडी घेऊन गेले. "वहिनी, तुम्हाला कुठे चालवता येते?" असे म्हणाले, आणि ते खरेच होते. पेटी तेवढी न्यायची राहिली, ती आता न्यावी.

कलम ३. माझी लाल गाडी कुमारी क्षितिजा दाणी, राहणार नागपूर, हिला द्यावी. कोण ही क्षितिजा, असे निनाद विचारील, म्हणून सविस्तर लिहिते.

दिरांनी गाडी नेल्यानंतर कित्येक वर्षे मी रिक्षाने फिरले. निवृत्तीनंतर शाहपुऱ्यात ड्रायव्हिंग शिकले आणि ही गाडी घेतली. छोटी, बुटकी, मागे 'स्पोर्ट' लिहिलेली. विकणाऱ्या गिरीशला बाळ झाले होते, त्याला मोठी गाडी हवी होती. तो म्हणाला, "आंटी, ये थोड़ी हार्ड है, आपकी कमर को तकलीफ देगी." मी म्हटले, "कमरेचं मी बघते, तुम्ही भावाचं बोला."

मी सारी नोकरी विमा कंपनीत मोटारींच्या नुकसानभरपाईच्या विभागात केली. घसारा हे माझे रोजचे काम. गाडीची किंमत सर्वांत जास्त पडते ती पहिल्या काही वर्षांत, आणि ती पहिल्या मालकाच्या खिशातून जाते. नंतर पडणे हळू होते. तशा वेळी गाडी घ्यावी. गिरीशने पडलेल्या किमतीचे दुःख सांगितले, मी ऐकून घेतले आणि भाव योग्य तोच दिला. निनाद फोनवर म्हणाला, "आई, गाडीची किंमत दर वर्षी कमीच होणार." मी म्हटले, "बाळा, मी ती विकायला नाही घेतलेली."

रविवारी मी होशंगाबाद रोडने मंडीदीपपर्यंत जायची. कारखान्याच्या फाटकाशी वळून परत यायची. कोणाकडे जायचे नव्हते. शेजारच्या सीटवर पर्स ठेवायची, म्हणजे ती अगदीच रिकामी दिसत नसे.

वरच्या मजल्यावर मालती दाणी राहत. माझी पार्किंगची जागा मोकळी होती तेव्हा त्यांनी तिथे कुंड्या मांडल्या होत्या. गाडी आल्यावर मी त्या हलवायला लावल्या. "या वयात लाल गाडी!" त्या जिन्यात सर्वांसमोर म्हणाल्या, आणि आमचे बोलणे बंद झाले.

पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. मुलगी क्षितिजा नागपूरला नोकरीला, तिला रजा मिळेना. एका दुपारी मालतीबाई डायलिसिसची फाइल पोटाशी धरून फाटकात उभ्या दिसल्या. रिक्षा आली नव्हती. मी गाडी थांबवून दार उघडले.

"बसा."

"फार खाली आहे हो ही."

"हात द्या."

प्रत्येक खड्ड्याला त्या मला बोलत होत्या, मी त्यांना बोलत होते. मिसरोद ते दवाखाना आम्ही भांडत गेलो. परतताना त्या म्हणाल्या, "परवा पुन्हा जायचंय." विचारले नाही, सांगितले. तेव्हापासून दोन वर्षे मीच नेले. मी बाहेर बसून राहायची, आणि वेळ लवकर जायचा. कुंड्यांचा विषय आम्ही कधीच मिटवला नाही, रोज नव्याने काढला.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांना पाय लांब करता यावेत म्हणून मागे सरकवलेली सीट मी अजून पुढे घेतलेली नाही.

क्षितिजाने आईचे घर आवरले. निघताना म्हणाली, "मावशी, आई फोनवर फक्त तुमच्या तक्रारी सांगायची. इतकी खुश असायची!" गाडी तिला द्यायचे मी त्याच दिवशी ठरवले.

क्षितिजा, तुझ्यासाठी: गाडी विकलीस तरी मला वाईट वाटणार नाही, पण दुःखात विकू नकोस. दलाल गाडीभोवती फिरून मान हलवील. तू एकटी आहेस हे त्याला कळू देऊ नकोस. तिची किंमत पडायची ती बहुतेक पडून गेली आहे, आता फार खाली जाणार नाही. टायर, बॅटरी झिजतात, ती बदल. विम्यात रबराला निम्मा घसारा धरतात, काचेला मात्र अजिबात नाही. चालव. आणि शेजारी कोणाला तरी बसव.

कलम ४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्षितिजाने करावी. निनादला एवढ्या लांबून धावपळ पडू नये.

साक्षीदारांविषयी: कायद्याला दोन माणसे लागतात. नात्यातले कोणी गावात नाही, ओळखीचे बरेच जण उरले नाहीत. ज्यांना विचारायचे ती नावे आठवत मी बराच वेळ बसले. शेवटी डायलिसिस विभागातले तुषार चौकसे आणि तळमजल्यावरच्या सोनल पटेरिया यांना विचारले. दोघांनीही कारण न विचारता होकार दिला.

वरील सर्व मजकूर मी त्या दोघांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) मनोरमा नारायण वैरागडे

साक्षीदार:
१. (सही) तुषार चौकसे
२. (सही) सोनल पटेरिया

ठिकाण: मिसरोद, भोपाळ
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

ता. क. सह्या झाल्यावर दोघे लगेच उठतील असे मला वाटले होते. तुषारने विचारले, "आंटी, चाय मिलेगी क्या?" सोनल उठून स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा शोधू लागली. मृत्युपत्रात हे लिहायची गरज नाही. तरी लिहिले आहे, आणि ते खोडू नये.