गाडी न चालवण्याचं व्रत

२९ मार्च २०२०
लॉकडाऊन. राजारामपुरीत शुकशुकाट. आजपासून गाडी न चालवण्याचं व्रत. (पोलीस चालवू देत नाहीत, हा भाग निराळा.) गच्चीवरून जोतिबाचा डोंगर लख्ख दिसला. पेपरसाठी लेख लिहायचा : वाहनं थांबली, शहर श्वास घेऊ लागलं. थोरली बहीण आक्का गडहिंग्लजहून आली ती इथंच अडकलीय. तिचा दमा जुना. आता तिला मोकळा श्वास मिळणार, आणि तोही माझ्या त्यागामुळं. संतोष.

१ एप्रिल
मेकॅनिक जोतीराम फोनवर म्हणाला, सायेब, आठवड्यातनं एकदा इंजिन चालू करत जावा, न्हायतर बॅटरी बसंल की. सावधगिरी म्हणून मी रोज दोनदा करणार, संध्येसारखं. गाडी जागची हलत नाही. सबब व्रतभंग नाही.

५ एप्रिल
आक्का सकाळ-संध्याकाळ खोकते. संशय अनुजाच्या फोडणीवर. सौभाग्यवतींना समज दिली.

८ एप्रिल
आमटी बिनफोडणीची. खोकला तसाच. आक्काची खोली पोर्चलगत आहे. तिला शुद्ध हवा मिळावी म्हणून खिडकी मी स्वतः सताड उघडतो. ती लावून घेते. आजारी माणसं हट्टी होतात.

१४ एप्रिल, सकाळी
घरात एकाग्रता नाही. गाडीत बसून, एसी लावून लेख पूर्ण केला. 'नागरिकहो, धूर सोडू नका' हे वाक्य विशेष जमलं. उतरतो तर आक्काला धाप. पंप दोनदा मारावा लागला. अनुजा तिची पाठ चोळत ओरडली, खिडकीखाली तासभर काय चाललं होतं? म्हटलं, लेखन.

१५ एप्रिल
आक्कानं किल्ली मागून घेतली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. म्हणाली, बाळ्या, शहराचं ऱ्हाऊ दे, आदी माझ्या खिडकीखालनं ऊठ. किल्ली मी स्वेच्छेनं दिली, अशी नोंद असावी.

२३ एप्रिल
लेख छापून चार दिवस झाले. आक्काला पंप लागलेला नाही. आज जिना चढून गच्चीवर आली, जोतिबाला हात जोडले. लेखाचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. फोडणी पूर्ववत सुरू असूनही!

२४ एप्रिल
प्रसंग पाहून किल्ली मागावी म्हणून लेख घेऊन आक्काकडे गेलो. चष्मा लावून तिनं अक्षर न् अक्षर वाचला. मग विचारलं, ह्यातलं नागरिक म्हंजे कोण रं? तू सोडून बाकीचं, न्हवं?
दाराशी अनुजाला हसताना ठसका लागला.
किल्ली न मागता बाहेर आलो.