सगळ्यांना फुस्स

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला असं समज. कडेवर एक आणि पायाला लोंबकळणारं एक असताना प्रत्यक्ष वाकणं जमत नाही. तुझी तब्येत कशी आहे? वहिनी फोनवर "ठणठणीत आहेत" म्हणाल्या, पण त्यांच्या मागून जो खोकला ऐकू आला तो काही शेजाऱ्यांचा नव्हता. असो, त्याकडे नंतर येते. आधी माझी बढाई ऐक. दादा, मी जिंकले!

झालं असं, की आमच्या पाळणाघरात भिंगरी दाखल झाली. (नाव आम्ही ठेवलेलं; कार्टी एका जागी ठरेल तर शपथ.) तिला दमा. तिची आई बस चालवते. भरलेली बस मध्येच उभी करून ती पोरीला औषध द्यायला येणार कशी? आणि डॉक्टरीणबाईंनी सध्या दुपारीही पंप द्यायला सांगितलेला. आधीच्या पाळणाघराने "ही जोखीम आम्हाला नको" म्हणून हात वर केले होते. भिंगरीची आई मला म्हणाली, "शनिवारपर्यंत बघा. नाही जमलं तर मी नोकरी सोडते." असं कुणी शांतपणे बोललं की मला भलताच जोर चढतो, तुला माहीत आहेच. म्हटलं, त्यात काय एवढं! डॉक्टरीणबाईंकडे जाऊन शिकून आले. पंप हलवायचा, प्लॅस्टिकच्या नळकांड्याला जोडायचा, नळकांड्याचा मास्क पोरीच्या नाकातोंडावर नीट बसवायचा, पंप दाबायचा, आणि तिला सावकाश श्वास घेऊ द्यायचे. एक फुस्स, की झालं काम.

कसलं होतंय! मास्क बघताच भिंगरी जी सुटली ती थेट पाळण्याखाली. तिच्यामागे बाकीची पलटण, कारण पळायला आमच्याकडे कुणालाच कारण लागत नाही. मी निम्मी पाळण्याखाली, निम्मी बाहेर, आणि माझ्या पाठीवर कुणीतरी घोडा घोडा खेळायला बसलेलं. या धक्काबुक्कीत पंप दाबला गेला आणि पहिली फुस्स पलीकडून वाकून बघणाऱ्या आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या अंबाड्यात गेली. मावशी आधीच फुरंगटलेल्या. "पंपाची सवय लागते, एकदा धरला की सुटत नाही," हे त्यांचं पालुपद. (डॉक्टरीणबाई याला चक्क हसल्या. हेच वाक्य मी आणखी एका माणसाच्या तोंडून ऐकलंय, पण त्याचं नाव आत्ता घेत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी बाहुलीला पंप दिला, मग स्वतः घेतल्याचं नाटक केलं. भिंगरीने सगळं बघितलं, हाताची घडी घातली आणि विचारलं, "मला एकटीलाच का?" आता आली का पंचाईत! पाळणाघराचा कायदा माझाच: एकाला मिळालं की सगळ्यांना मिळायचं, मग बिस्किट असो नाहीतर पापा. बाकीची पोरंही लगेच रांगेत, "मला पण फुस्स!" एका पठ्ठ्याने हक्क सांगायला खोकूनही दाखवलं, अगदी तुझ्यासारखं, खाकरण्यासकट. औषध सगळ्यांना देता येत नाही, आणि सगळ्यांना नाही म्हणून भिंगरी घेत नाही. त्या दिवशी तिच्या आईला काय सांगायचं या विचाराने मला जेवण गेलं नाही.

आणि मग, दादा, तुझ्या या बहिणीचं डोकं चाललं! मी कागदी कप आणले, त्यांचे तळ कापले, आणि प्रत्येकाला आपापला मास्क मिळाला. भिंतीशी सगळे मांडी घालून बसले. भिंगरीच्या नळकांड्यात खरी फुस्स, बाकीच्यांच्या कपात मी तोंडाने काढलेली. मग सगळ्यांनी मिळून सावकाश श्वास घ्यायचे. भिंगरी मधोमध, राणीसारखी. मास्क हलला म्हणून तिनेच शेजारच्याला दटावलं!

खरी परीक्षा शुक्रवारी झाली. अंगणात धावता धावता भिंगरी थांबली. ती थांबली, यातच सगळं आलं. छातीत शिट्टी वाजत होती, खांदे वरखाली होत होते. मावशी जागीच थिजल्या. घाईघाईत माझ्याकडून पंपाचं झाकण निघेना. मागे वळून बघते तर सगळी पलटण आपापले कप घेऊन भिंतीशी बसलेली, मधली जागा रिकामी ठेवून. कुणी सांगितलं नव्हतं रे! भिंगरी आपल्या जागेवर जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा मी पंप दिला, थांबले, पुन्हा दिला. सगळी पोरं तिच्याबरोबर श्वास घेत होती, आणि मावशीही, कपाशिवाय. हळूहळू शिट्टी विरली. भिंगरीने मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "आता बिस्किट. सगळ्यांना."

संध्याकाळी मी तिच्या आईला सगळं सांगितलं. ती खाकी गणवेशातच भिंतीशी बसली, पोरीच्या जागेवर, आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "नोकरी सोडत नाही. सोमवारी सकाळची पाळी घेते." दादा, मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना उचलून गरकन फिरवलं. कंबर धरलीय, पण काही हरकत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी विजयी धाकटी

ता. क. कागदी कप संपलेत. पोरं घरीही जेवणाआधी भिंतीशी बसतात म्हणून पालकांच्या तक्रारी येताहेत. मी लक्ष देत नाही.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच. तुझा पंप दाढीच्या सामानामागे खोकंही न फोडता पडलाय, हे वहिनींनी मला सांगितलंय. (त्यांच्यावर चिडू नकोस, त्या रडत होत्या.) मी रविवारी येतेय. भिंगरीही येतेय, तिची आईच आणून सोडणार आहे. भिंगरीला मी सांगितलं की एका मोठ्या माणसाला पंप घ्यायची लाज वाटते. तिने विचारलं, "त्याला एकट्यालाच घ्यायचा असतो का?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग बरोबर आहे ना त्याचं." तेव्हा भिंतीशी जागा करून ठेव. कप आम्ही आणतो.