फोटोतून मामांना कापलं

यवत, शनिवार, ७ मार्च २००९

नेटवर फोटो टाकला की शहरातले कार्यक्रम मिळतात, असं सगळे म्हणत होते. खरं निघालं. आज पुण्याच्या एका जयंती मंडळानं माझा फोटो बघून भीमगीतांसाठी बोलावलं. ढोलकीवर नेहमीप्रमाणे आमचे मामा. मला गाणं त्यांनीच शिकवलं. बातमी ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "आपला फोटू मला बी दाव की."

टाळता आलं नाही. संध्याकाळी त्यांना सायबर कॅफेत नेलं. फोटोत मी एकटी, माइक धरून, आणि कडेला ढोलकीवर एक हात. तेवढा हात सोडून मामांना मी कापून टाकलं होतं. का? त्यांचा उसवलेला सदरा बघून शहरातले लोक आम्हाला खेडवळ समजतील म्हणून. हात राहिलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मामा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "हात माझाच हाय."

"मामा, अख्खा फोटो बसत नव्हता." खोटं बोलले. त्याच हातानं मला ताल शिकवला.

परत येताना ते शांतपणे म्हणाले, "पुण्याला दुसरा ढोलकीवाला नेणार आसशील तर आत्ताच सांग. म्हंजी ती तारीख मी दुसऱ्या पार्टीला देतो. राग न्हाई."

"नाही मामा, तुम्हीच," असं मी म्हणाले. पण लगेच नाही. आधी थांबले, विचार केला, आणि तो करताना त्यांनी मला पाहिलं.