हात जोडून बसलेली

शहादे, ता. ६ आक्टोबर १९३४

चि. सुकलाल यास दोधूचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही सारे उभे आहोत, तुमचेही तसेच असो.

सरकी काढायची ही जीन खरी कितीला पडली, असे तू विचारलेस. रुपये वहीत आहेत, ते सोड. खरा हिशेब असा. बॉयलर ओढताना प्रकाश्याला तापीच्या वाळूत ढवळ्या बैलाचा पाय मोडला. उखा गड्याचा अंगठा इंजिनाच्या पट्ट्यात गेला. दारचा निंब तोडावा लागला, आणि सहा वर्षे झाली, गल्लीत कोणाला दुपारची झोप नाही. एवढ्यात भागले. माझ्या अंगावर ओरखडा नाही. उलट कान तिखट झाले. जीनचे सगळे चरखे गडगडत असताना त्यातला कोणता कोरडा फिरतो, हे मी डोळे मिटून सांगतो. साऱ्या शहाद्यात असा कान दुसरा नाही.

पण परवा याच कानाने जे ऐकले ते न ऐकतो तर बरे होते. 

गुरुवारी सकाळी नव्या शेतात पहिली वेचणी पाहायला गेलो. डोंगरातून आलेल्या तुळशीबाई आणि रुखमाबाई तुरीच्या ओळीपलीकडे वेचत होत्या. घरी त्या पावरी बोलतात, पण शेतात आमचीच बोली. हसण्याचा आवाज आला म्हणून सवयीप्रमाणे उजवा कान लावून थांबलो. तुळशीबाई म्हणत होती, "दख, कशी हात जोडीसन बठेल शे, जशी देवना समोर! हिरवीगार, बारीक मान, आन मान फिरायीसन मांगे दखस." रुखमाबाई म्हणाली, "पन पहिलाले खाई चुकनी नं! आते दुसरानी पाळी." त्यावर तुळशीबाई म्हणाली, "पहिले मुंडकं खास, मंग बाकीनं."

सुकलाल, हिरवे पातळ कोणाचे? लांब मान कोणाची? रोज सकाळी तुळशीपुढे हात जोडून कोण बसते? दोन वर्षांपूर्वी आपल्या गजराची सुपारी फुटली, लग्न ठरले, आणि महिन्यात तो नवरा मुलगा तापाने गेला. तेव्हा गल्लीत जो शब्द निघाला तो मी आजही कागदावर उतरवणार नाही. तोच आता माझ्या शेतात मजुरांच्या तोंडी आला आहे.

आणि घरी येतो तो निरोप हजर: प्रकाश्याचे आपले होणारे जावई प्रेमचंद तीन दिवस तापाने पडले आहेत. सांजेपर्यंत मी ओसरीवरून उठलो नाही. गजराने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझा हात मागे आला. स्वतःच्या लेकीच्या हाताला मी भ्यालो रे.

प्रेमचंदांच्या आईचा मुलगा आपल्या घरापायी जाऊ नये. नकाराची चिठ्ठी लिहून कोनाड्यात ठेवली आहे. पितृपक्षात असले बोलणे नको, म्हणून थांबलो. रविवारी, ता. १४ ला, उखा घेऊन जाईल. यातले गजराला काही माहीत नाही. माझे चुकत असेल तर त्याआधी सांग.

लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जवळ ठेव.
तुझा दोधू


शहादे, ता. ८ आक्टोबर १९३४

ती. काकांस गजराचा साष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र मी लपून लिहिते आहे, म्हणून अक्षराला हसू नका. काकूंनी पाठवलेली लोणच्याची बरणी फुटली नाही, पण अर्धी आबांनीच संपवली.

काका, घरात काहीतरी झाले आहे. गुरुवारपासून आबा माझ्या हातचे पाणी घेत नाहीत. तांब्या ठेवून मी निघून गेले की मग पितात. मी पाठ केली की ते माझ्याकडे बघतात, हे मला कळते. आईला विचारले तर तिचे डोळे भरतात. प्रकाश्याला ताप आला आहे एवढेच कानावर आले, पुढचे कोणी सांगत नाही. मी गेले की बोलणे थांबते. पहिल्या वेळी असेच झाले होते. तेव्हाही मला सगळ्यांच्या शेवटी कळले. काका, ते गेले असतील तर सांगून टाका. मी ओरडणार नाही.

बुधवारपासून वेचणीला जाते, आता मनही तिथेच लावते. तिथे तुरीच्या एका झाडावर एक किडा आहे. बोटाएवढा लांब, हिरवा, काडीसारखी मान, तिकोनी तोंड. पुढचे दोन पाय विळ्यासारखे, त्यांना काटे, आणि ते जोडून असा बसतो की जणू नमस्कार करतो आहे. वाऱ्याने पान हलले की तोही तसाच डुलतो, म्हणून माशीला कळत नाही. माशी आली की पाय कधी सुटले ते दिसतही नाही. काही आवाज नाही. माणसासारखी मान वळवून मागे बघतो. असे बघणारा किडा मी दुसरा पाहिला नाही.

ती मादी आहे, असे तुळशीबाईने सांगितले. बुधवारी तिच्यापाशी एक लहानखुरा नर आला. तिने त्याचे आधी डोके खाल्ले. गुरुवारी दुसरा आला, दबकत दबकत, एक पाऊल टाकी आणि थांबे. आम्ही तिघी बघत बसलो. तुळशीबाई मला म्हणाली, "गजरा, तुन्हा नवराले सांगी ठेव, मुंडकं सांभाळ म्हनवा." आम्ही खूप हसलो. तेवढ्यात तुरीपलीकडे आबा दिसले. मी त्यांच्या डाव्या अंगालाच खाली बसले होते. त्यांनाही गंमत दाखवावी म्हणून दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत. तसेच झपाझपा निघून गेले.

त्या वेळी हसले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीपुढे हात जोडले आणि ती आठवली. मी हात सोडले. तेव्हापासून जोडलेले नाहीत.

लहान तोंडी मोठे लिहिले असेल तर पोटात घाला आणि माया कमी करू नका.
आपली गजरा


तळोदे, ता. ११ आक्टोबर १९३४

तीर्थरूप दादांचे चरणी सुकलालचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र टपालात न टाकता आमच्या शिपायाच्या, करमसिंगच्या, हाती देत आहे. आधी तो प्रकाश्याला क्विनाइनच्या गोळ्या पोचवील आणि प्रेमचंदांना डोळ्यांनी पाहून मग तुमच्याकडे येईल. तो येईपर्यंत, दादा, ती चिठ्ठी कोनाड्यातून हलवू नका. उखा निघाला असला तर घोडा पाठवून परत आणा.

तुमच्या पत्रापाठोपाठ गजराचे पत्र आले. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. आधी हसू आले, मग अंगावर काटा आला. तुम्ही रविवारी काय करून बसला असतात!

दादा, हात जोडून बसलेली ती गजरा नव्हे. तो किडा आहे. आमच्या लाकडाच्या आगारात सागाच्या ओंडक्यांवर तो नेहमी दिसतो. हिरव्या पाल्यात हिरवा, वाळल्या गवतात गवताच्या रंगाचा. मी एकदा त्याला पालीचे पिल्लू धरताना पाहिले आहे. जिवंतच खात होता, सावकाश, कणीस खावे तसा. मी वनखात्याचा कारकून, वाघाच्या पावलावर पाऊल ठेवून चाललेलो, पण त्या दिवशी जेवलो नाही. तेव्हा भ्यालात म्हणून मी तुम्हाला हसत नाही. पण पहिल्याला खाल्ले ते त्या मादीने, आणि पाळी होती ती तिच्या दुसऱ्या नराची. आपल्या पोरीने कोणाचे काही खाल्लेले नाही. ती तिकडे समजते आहे की प्रेमचंद गेले आणि तुम्ही लपवता आहात.

तिला घेऊन त्या तुरीपाशी जा. माझे ऐकू नका, डोळ्यांनी पाहा.

आणि एक विचारतो, रागावू नका. तुम्ही त्या बायांचे शब्द न् शब्द ऐकलेत. गजरा तिथेच होती, तीही हसत होती, दोनदा तिने हाक मारली. ती कशी ऐकू आली नाही?

वहिनींस नमस्कार. धाकट्याने जास्त बोलावे असे नाही, पण बोललो. लोभ होता तसा राहू द्यावा.
आपला सुकलाल


शहादे, ता. २१ आक्टोबर १९३४

चि. सुकलाल यास अनेक आशीर्वाद. वि. वि. करमसिंग शनिवारी, ता. १३ ला, दिवे लागायच्या आत पोचला. उखाने सकाळसाठी गाडीचे जू बांधून ठेवले होते. चिठ्ठी मी चुलीत घातली.

प्रेमचंदांचा ताप एक दिवसाआड येत होता. गोळ्यांनी उतरला. आता पेज घेतात. त्यांनी करमसिंगबरोबर निरोप धाडला की मार्गशीर्षाची तिथी बदलू नये, वाळलेला नवरा चालत असेल तर आपण तयार आहोत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी गजराला घेऊन शेतात गेलो. ती मादी तिथेच होती, पोट फुगलेले, फांदीला उलटी लटकलेली. मागून पांढरा फेस काढीत होती आणि तो फांदीवर थापीत होती. तुळशीबाई म्हणाली, यात अंडी आहेत, हा वाळून कवटीसारखा होतो. मी वाकलो, तशी तिने मान वळवली आणि नेमके माझ्याकडे पाहिले. खोटे कशाला सांगू, सारे कळल्यावरही मी दोन पावले मागे आलो.

मग गजराला सगळे सांगितले. काय ऐकले, काय समजलो, तांब्यापुढून हात का मागे घेतला, तेही.  ती कापसाचे एक बोंड सोलत राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्हीसुद्धा?" एवढेच. सुकलाल, जीन विकून टाकली असती तर बरे, पण हे दोन शब्द ऐकायला नको होते. शेवटी तिनेच मडक्यातले पाणी काढून पुढे केले. मी ओंजळीने प्यालो. थोडे नाकातही गेले.

रुखमाबाईने सगळ्यांदेखत विचारले, "पाटील, तुम्हना कानमा कापूस भरेल शे का?" बाया हसल्या. मीही हसलो.

आज सकाळी गजरा तुळशीपुढे हात जोडून बसली होती. मी ओसरीवरून पाहिले आणि जागचा हललो नाही.

लग्नाला चार दिवस आधी ये. रागावण्याचा हक्क तुझा, तो येऊन वापर, आणि माया घेऊन ये.
तुझा दोधू

ता. क. तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. तुझ्या वहिनीने पाठ धरली म्हणून गुरुवारी नंदुरबारला डॉक्टरकडे गेलो. त्याने विचारले, तुमच्या बसण्याच्या जागेपासून इंजिन कोणत्या बाजूला असते? मी म्हणालो, डाव्या. त्याने खिशातले घड्याळ माझ्या डाव्या कानाशी धरले. ते चालू होते. मला ऐकू आले नाही.