राइली ‘छान’ म्हणाली

तांपेरे, सोमवार

आदरणीय एइलामावशी,

तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर नमस्कार. गुडघा बरा असेल. (खाली येऊनच विचारलं असतं, पण जिन्यात शेजारी भेटतात आणि मग बोलावं लागतं.)

मी मोठ्या संशयात आहे. ऑफिसात मी एक बाण बनवलाय. आमच्या संगणकाच्या भाषेत कामं एकाखाली एक लिहितात आणि वरच्या ओळीचं उत्तर खालच्या ओळीच्या हाती द्यायला बाण असतो. एखाद्या ओळीला ते उत्तर पहिल्या जागी लागतं, एखादीला शेवटच्या, म्हणून बाणही दोन, आणि लोक हमखास चुकीचा उचलतात. माझा एकच बाण जागा स्वतः ओळखतो. तो सगळ्यांनी वापरायचा की केरात टाकायचा, हे गुरुवारी ठरेल. वर्षभराचा जीव ओतलाय मी त्यात.

बैठकीत दाखवला तेव्हा सगळे गप्प राहिले, म्हणजे पसंत पडला. पण राइली (आपल्याच दुसऱ्या मजल्यावरची) कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाली, “छान आहे.” मावशी, ही बाई स्वतःच्या लग्नाच्या केकलासुद्धा “खाण्यासारखा आहे” एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून माझी झोप उडालीय. हिला एक तर माझी खुर्ची हवी असणार, नाहीतर बाणात खोट सापडली असणार आणि गुरुवारी ती चारचौघांत काढणार. शुक्रवारी कॉफीच्या यंत्रापर्यंत तिच्या मागे गेलो. “काय हवंय?” “काही नाही.” “मग सरक, दूध घेऊ दे.” आणि वर हसली. राइली हसली, मावशी.

तुमचा,
ऑस्मो

ता. क. बैठकीआधी बाणाची परीक्षा म्हणून आपल्या तळघरातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या, पाळ्या त्यातून लावल्या होत्या. जुन्या पाळ्या राखून उरलेल्या वेळी नव्या मागण्या बसवायच्या होत्या. आत्ता यादी पाहिली, तर बाणाने जागा उलटी ओळखली आणि नव्या मागण्यांनी जुन्या पाळ्या पुसल्या. तुमची काकांच्या वेळेपासूनची शनिवारची पाळी राइलीला गेली. ‘छान’ का, ते आता कळलं. तुम्ही सोसायटीच्या अध्यक्ष. हात जोडतो, गुरुवारपर्यंत तक्रार करू नका.

ता. क. २. पत्र टाकायला खाली आलो. तुमच्या दारातली पत्र टाकायची फट उघडली तर आत राइलीचे बूट, आणि तुमचा आवाज: “शनिवार राहू दे तुझ्याकडे, माझा गुडघा आता पायऱ्या मानत नाही. पण बाण चुकला हे ऑस्मोला इतक्यात सांगू नकोस. जन्मात पहिल्यांदा कुणी छान म्हणालंय बिचाऱ्याला.”

बाण मी मागे घेतोय. राइलीला सांगा, ‘छान’ मात्र परत मिळणार नाही.