फ्रेंच बाई नि खैतानची म्हातारी

४ नोव्हेंबर, मंगळवार
पाय दुखतोय. मुलगा तिकडे जहरा शहरात दुकानात, सून इस्पितळात ड्यूटीवर. कुवेतमधल्या खैतानचं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर दिवसभर माझं एकटीचं. एवढं राज्य गावी सासूलाही नव्हतं.

दुपारी नात येते शाळेतून. मी बोलते, सना लिहिते. शाळेत हिंदी आहे म्हणून ही अक्षरं येतात तिला. चुका तिच्या, शहाणपण माझं.

तिच्या फ्रेंचच्या धड्यात एक बाई आहे. दर गुरुवारी घर उघडं, मोठमोठी माणसं जेवायला. कोपऱ्यात एक लेखक बसायचा. त्याने नाव बदलून तिलाच पुस्तकात घातली. खोटी, आगाऊ, मोठ्याने हसणारी. सगळ्या शहराने ओळखली.

“मग?”

“शी वॉज हर्ट, दादी.”

हर्ट म्हणे! मी असते तर पुढच्या गुरुवारी त्याला वाढलंच नसतं.

६ नोव्हें., गुरुवार
म्हटलं, आपणही गुरुवार करू. सांदणं केली. दार उघडं, दारात खुर्ची. लिफ्टमधून चौघं उतरली, चौघांना म्हटलं, या. शेजारचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, छातीवर हात ठेवून हसला नि गेला. दोघी फोनवर बोलत होत्या. चौथी नसरीन, पलीकडच्या दारातली नर्स, आपल्या रत्नागिरीकडचीच. “खाला, डोळे मिटतायत. उद्या नक्की.”

सांदणं मुलाने खाल्ली. फोन बघत. “मस्त झालीत,” म्हणाला. काय खाल्लंस विचारलं तर सांगता आलं नसतं.

९ नोव्हें., रविवार
लिही सना. हात का थांबला?

नसरीन आज आली. तिची मुलगी सनाच्या वर्गात. सनाने शाळेत गोष्ट लिहून दिलीय, ती वर्गात सगळ्यांच्या फोनवर फिरतेय. इंग्रजी. नसरीनने मराठीत सांगितली.

खैतानची एक म्हातारी दारात खुर्ची टाकून बसते. लिफ्ट उघडली की हसते. कुणी थांबत नाही. नाव वेगळं आहे. पाय माझाच दुखतोय.

शेवटी ती खुर्चीतच मरते. संध्याकाळपर्यंत कुणाला कळत नाही.

इथे नसरीनने फोन उलटा ठेवला. मी म्हटलं, “सांग गं, मी आहे अजून.”

मला वाटायचं, मी बसते ते कुणाला दिसत नाही. सना, हेही

१३ नोव्हें., गुरुवार
रविवारी सना अर्ध्यात पेन टाकून उठली, तीन दिवस लिहिणं बंद. सना खोलीत, मी बाहेर. राज्य दोघींत वाटलं, तरी दोघींना एकेकटीचंच आलं.

त्या बाईला बरं, रागावून दार लावता आलं असतं. मी लावलं तर लिहिणार कोण?

आज सना शाळेचा कागद घेऊन आली. गोष्ट पुस्तकात छापणार आहेत. जिच्यावर लिहिलंय तिची परवानगी हवी. सही, नाहीतर अंगठा. फ्रेंच बाईला कुणी विचारलं नव्हतं, एवढं नातीचं बरं.

“सॉरी दादी. ते खोटं आहे सगळं.”

“खोटं असतं तर हसले असते. मारलंस कशाला?”

“टीचर म्हणाली, शेवट स्ट्राँग हवा.”

“बरं. माझ्या मय्यतीला माणसं किती आली?”

“ते नाही लिहिलं.”

“ते लिही. मग अंगठा.”

पेन घेऊन बसली. “किती लिहू, दादी?”

मुलगा, सून, तू. नसरीन, ड्यूटी नसेल तर. आणि

थांब, लिहू नकोस. आठवतेय.